असेंब्लीतला पहिला प्रोग्राम: ८०८५, ८०८६, लिनक्स की रिस्क-फाइव्ह?

असेंब्ली (प्रोसेसरला एकेक सूचना थेट देण्याची भाषा) शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो कुठल्या प्रोसेसरची शिकायची हा. पायथन सगळीकडे सारखाच चालतो, पण असेंब्ली प्रत्येक प्रोसेसर-घराण्याची आपापली. आपल्याकडे त्यासाठी चार वाटा सहज मिळतात. निवड सोपी व्हावी म्हणून चारही ठिकाणी एकच काम करून बघू: ५ आणि ३ यांची बेरीज, आणि ती जमली की २०० आणि १००ची.

स्क्रीनवर वाक्य छापणं हा असेंब्लीतला पहिला प्रोग्राम असू नये, असं माझं ठाम मत आहे. छापण्याचं खरं काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. आपण फक्त अर्ज भरून खिडकीवर देतो. बेरीज मात्र प्रोसेसर स्वतः करतो. रजिस्टरमधला, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यातला, आकडा डोळ्यांदेखत बदलताना दिसला, की असेंब्ली कशासाठी शिकायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

८०८५चं किट

इंटेलचा ८०८५ हा १९७६चा, ८ बिटांचा प्रोसेसर. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या ट्रेनर किटवर सहसा हेक्स (१६च्या पायाच्या आकड्यांचा) कीपॅड असतो आणि सहा आकड्यांचा डिस्प्ले: चार आकडे पत्त्याचे, दोन डेटाचे. इथे असेंब्लर, म्हणजे सूचनांचा मशीन कोड करून देणारा प्रोग्राम, नसतो. सूचना कागदावर लिहायच्या, शेजारी त्यांचे ऑपकोड (सूचनेचे हेक्स आकडे) काढायचे आणि एकेक बाइट हाताने भरायचा. आपली बेरीज अशी होते (एमव्हीआय रजिस्टरमध्ये आकडा भरते, एडीडी बेरीज करते, एसटीए उत्तर मेमरीत ठेवते, एचएलटी थांबवते):

एमव्हीआय ए, ०५ — ३ई ०५
एमव्हीआय बी, ०३ — ०६ ०३
एडीडी बी — ८०
एसटीए २०५० — ३२ ५० २०
एचएलटी — ७६

एकूण नऊ बाइट. (काही किटांवर शेवटी एचएलटीऐवजी आरएसटीची सूचना द्यावी लागते.) चौथ्या ओळीत २०५० हा पत्ता ५० २० असा उलटा भरला आहे, कारण इंटेलकडे खालचा बाइट आधी जातो. पुस्तकात वाचलेला हा नियम विसरतो, बोटांनी भरलेला विसरत नाही. प्रोग्राम चालवून २०५० उघडलं की ०८ दिसतं.

आता २०० आणि १०० घ्या, म्हणजे हेक्समध्ये सी८ आणि ६४. उत्तर येतं २सी, म्हणजे ४४. ८ बिटांत २५५च्या पुढे जागाच नाही. वरचे २५६ कॅरी फ्लॅगमध्ये, म्हणजे हातचा नोंदवणाऱ्या एका बिटात, गेले. हा फ्लॅग तपासायची सवय इथे पहिल्याच दिवशी लागते, आणि ती पुढे बहुतेक प्रोसेसरांवर उपयोगी पडते.

किटचा तोटा उघड आहे. ते प्रयोगशाळेत असतं, घरी नसतं. मधे एखादी सूचना घालायची झाली तर पुढचे सगळे बाइट पुन्हा भरावे लागतात. सिम्युलेटर मिळतात आणि ते चांगलेही आहेत, पण बाइट हाताने भरण्यातून जे कळतं ते त्यात निम्मं उरतं.

८०८६ आणि डॉस

एमएसबीटीईच्या (राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या) संगणक डिप्लोमातून गेलेल्यांना हा परिचयाचा: १९७८चा प्रोसेसर, १६ बिटांची रजिस्टर्स, टॅझम किंवा मॅझम हा असेंब्लर, आणि आजच्या मशीनवर डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स, कारण ६४ बिटांची विंडोज १६ बिटांचे डॉस प्रोग्राम चालवतच नाही.

बेरीज दोन ओळींची आहे, पण त्याआधी सेगमेंट, म्हणजे मेमरीचे तुकडे, समजून घ्यावे लागतात. डेटा सेगमेंटचा पत्ता डीएस या रजिस्टरमध्ये थेट भरता येत नाही, आधी एएक्स रजिस्टरमध्ये घ्यावा लागतो. १ एमबी मेमरीसाठी २० बिटांचा पत्ता लागतो आणि रजिस्टर १६ बिटांचं, म्हणून सेगमेंटला १६ने गुणून ऑफसेट (सेगमेंटच्या आतलं अंतर) मिळवायचा. नवशिक्याचा पहिला आठवडा यातच जातो, आणि आजच्या ६४ बिटांच्या प्रोग्रामात हे गणित लागत नाही.

छापण्याचीही एक गंमत आहे. उत्तरात ३० हेक्स (म्हणजे ४८) मिळवून आयएनटी २१ला, म्हणजे डॉसकडून काम करून घेणाऱ्या सूचनेला, दिलं की स्क्रीनवर ८ येतो. ७ आणि ८ची बेरीज तशीच छापली तर प्रश्नचिन्ह उमटतं, कारण १५ अधिक ४८ म्हणजे ६३, आणि आस्की या अक्षरांच्या क्रमांक-तक्त्यात ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. संख्या आणि तिचं छापील चिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या ठसठशीतपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं. टॅझमसोबतच्या टर्बो डीबगरमध्ये एफ७ दाबत एकेक सूचना पुढे न्या; रजिस्टर्स आणि फ्लॅग शेजारीच बदलताना दिसतात.

परीक्षेत ८०८६ असेल तर दुसरीकडे वळू नका. परीक्षा नसेल, तर मी ही वाट सुचवणार नाही.

लिनक्सवर ६४ बिटांची असेंब्ली

इथे आपल्याच लॅपटॉपचा प्रोसेसर थेट हुकूम ऐकतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) पुरतं. असेंब्लर म्हणून नॅझम घ्या. प्रोग्रामचा गाभा चार ओळींचा (एडिटरमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत):

मूव्ह आरडीआय, ५
अ‍ॅड आरडीआय, ३
मूव्ह आरएएक्स, ६०
सिसकॉल

६० हा ‘प्रोग्राम संपव’ या सिस्टिम कॉलचा (ऑपरेटिंग सिस्टिमला केलेल्या विनंतीचा) क्रमांक आणि आरडीआयमध्ये असेल तो निकालाचा कोड. छापायची भानगड नाही. टर्मिनलमध्ये शेवटच्या प्रोग्रामचा निकाल विचारला की ८ मिळतो. शेवटच्या दोन ओळी गाळल्या तर प्रोसेसर थांबत नाही, पुढच्या मेमरीत जे काही पडलं असेल तेही सूचना म्हणूनच वाचू लागतो, आणि बहुधा सेगमेंटेशन फॉल्ट येतो.

२०० आणि १०० दिले की इथेही ४४च येतात! पण कारण निराळं. आरडीआय ६४ बिटांचं आहे, त्यात ३०० नीट बसलेले असतात. लिनक्स निकालाच्या कोडातले फक्त खालचे ८ बिट पुढे देतं. जीडीबी या डीबगरमध्ये प्रोग्राम एकेक सूचना चालवून रजिस्टर बघितलं तर ३०० दिसतात. तोच आकडा, पण किटवर तो प्रोसेसरची मर्यादा सांगतो आणि इथे ऑपरेटिंग सिस्टिमची. हा फरक स्वतः करून बघण्यासारखा आहे.

अडचण एवढीच की सुरुवातीला असेंब्लर, लिंकर (चालवता येईल अशी फाइल बनवणारा) आणि जीडीबी अशी तीन अवजारं एकदम हाती येतात. टर्मिनलची सवय नसलेला इथे गांगरतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आर्म प्रोसेसरची असेंब्ली करणाऱ्यांचाही अनुभव बराचसा असाच. सूचना, रजिस्टरांची नावं आणि कॉलचे क्रमांक मात्र बदलतात.

रिस्क-फाइव्ह

बर्कले विद्यापीठात २०१०मध्ये सुरू झालेली ही प्रोसेसरची रचना खुली आहे, वापरायला परवाना शुल्क नाही. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर याच रचनेवर आहेत, त्यामुळे इथे शिकलेलं पुढे देशातल्याच चिपवरही चालवता येईल.

सुरुवातीला रार्स नावाचा मोफत सिम्युलेटर घ्या. जावा असलं की चालतो. ‘एलआय ए०, ५’ आणि ‘अ‍ॅडआय ए०, ए०, ३’ एवढ्यात बेरीज झाली. सूचना असेंबल केल्या की प्रत्येक ओळीशेजारी तिचा मशीन कोड दिसतो. पहिल्या ओळीचा ००५००५१३: त्यातले ००५ म्हणजे आपलेच ५. एक सूचना पुढे जाता येतं तसं मागेही येता येतं, आणि शिकणाऱ्याला याहून मोठी मदत नाही. शेवट लिहायचा राहिला तरी सिम्युलेटर शांतपणे थांबतो.

२०० आणि १००चे ३०० होतात, कारण रजिस्टर ३२ बिटांचं आहे. पण या रचनेत कॅरी फ्लॅगच नाही. बेरीज ४,२९,४९,६७,२९५च्या वर गेली का, हे वेगळी तुलना करून शोधावं लागतं. फ्लॅगचा धडा म्हणूनच इथे नीट मिळत नाही.

मग घ्यायचं काय

अभ्यासक्रमात ८०८५ किंवा ८०८६ असेल तर तेच. केवळ कुतूहल असेल तर आधी रार्स आणि मग लिनक्स. चारांत ही जोडी मला सर्वांत भावते. लिनक्स रोज वापरणाऱ्याने सरळ नॅझम उघडावा. आणि कॉलेजात किट धूळ खात पडलं असेल, तर परवानगी काढून एक दुपार त्याच्यासमोर बसाच.

वाट कुठलीही घ्या, दुसरा प्रोग्राम १ ते १० या संख्यांच्या बेरजेचा करा. त्यात पहिलं लूप येतं, पहिली सशर्त उडी येते. लिनक्सवर निकालाचा कोड ५५ आला पाहिजे. किटवर ३७ दिसलं तर तेही बरोबरच, तो हेक्समधला ५५ आहे.