पगारात दोन हजारांची भर की एक तारखेचा पगार?

अनुदानित बालगृह किंवा निवारागृह चालवणाऱ्यांपुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो. देणगीतून थोडे जास्तीचे पैसे जमलेत आणि ते कर्मचाऱ्यांवरच खर्च करायचे, एवढं ठरलंय. मग प्रत्येकाच्या पगारात दरमहा भर घालायची, की अनुदान रखडलं तरी पगार थांबणार नाही असा पगार निधी उभारायचा? पुण्यातल्या आमच्या छोट्या संस्थेचा खजिनदार म्हणून मी दोन्ही करून पाहिलंय.

भर घालण्याचा फायदा पहिल्याच महिन्यात दिसतो. कर्वे समाज सेवा संस्थेतून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, घेऊन आलेली समुपदेशक आकडा बघूनच थांबायचं की नाही ते ठरवते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. पुण्यातलं घरभाडं तिलाही भरायचं असतं. सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या कायद्यानुसार समाजकार्यावर जो पैसा खर्च करतात त्यातून, अशी भर देता येते. पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, प्रकल्पावर काम करणाऱ्यांच्या पगाराला नाही. हे कंपनीच्या माणसांनाही कधी कधी समजावून सांगावं लागतं. अडचण पुढे येते. सीएसआरचा अनेक वर्षांचा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं चालतो, आणि एकदा वाढवलेला पगार खाली कसा आणणार? 'विशेष भत्ता' असं नाव देऊन पीएफ टाळण्याची वाटही उरलेली नाही. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता मूळ वेतनातच धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आमच्या वीस जणांना दरमहा दोन-दोन हजार म्हणजे पीएफमधला संस्थेचा वाटा धरून वर्षाला पाच लाखांच्या वर गेले.

तरी आम्ही भर घातली, आणि त्याच वर्षी अनुदानाचा हप्ता चार महिने आला नाही. आधीचं अनुदान कसं खर्च झालं याचं उपयोगिता प्रमाणपत्र दिलेलं होतं, तपासणी झालेली होती, फाइल मात्र हलत नव्हती. भर देणगीतून होती म्हणून ती दर एक तारखेला जमा व्हायची. मूळ पगाराचा पत्ता नव्हता. रात्रपाळीच्या मावशींच्या हातात चार महिने फक्त दोन हजार पडत होते. त्यांचे भिशीचे दोन हप्ते चुकले आणि लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी ठरलेला नंबर गेला. त्या कार्यालयात येऊन म्हणाल्या, "दादा, वाढ राहू द्या. पगार कधी होईल तेवढं सांगा." माझ्याकडे तारीख नव्हती. पीएफचा भरणा मात्र पंधरा तारखेच्या आत करावाच लागत होता, अनुदान येवो न येवो. उशीर झाला की व्याज, आणि ते व्याज कुठल्याही अनुदानात बसत नाही.

माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

निधीचं गणित सोपं आहे, जमवणं अवघड. आमचं पगाराचं बिल महिन्याला तीन लाखांचं, म्हणजे चार महिन्यांची सोय बारा लाखांची. ते जमवायला आम्हाला अडीच वर्षं लागली. यात सीएसआरचा उपयोग होत नाही, कारण जानेवारी २०२१ पासून कॉर्पसला, म्हणजे संस्थेच्या कायम निधीला, दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरली जात नाही. आम्ही व्यक्तिगत देणग्यांवर आणि उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च करण्याची आयकराची अट पाळून उरणाऱ्या १५ टक्क्यांवर भर दिला. कॉर्पस म्हणून देणगी घेतलीत तर देणगीदाराचं तसं लेखी पत्र घ्या, आणि त्यातून पगार करण्याआधी सीएला विचारा. नियम किचकट आहेत. देणगीदाराला हे पटवणंही जड जातं. मुलांच्या जेवणासाठी लोक आनंदाने देतात, पण 'पगार निधी' म्हटलं की गप्प होतात. मी त्यांना मावशींची भिशी सांगतो.

या निधीतला पैसा संपत नाही, फिरतो. हप्ता आला की उचललेली रक्कम आधी परत भरायची, असा ठराव कार्यकारिणीकडून करून घ्या. नाहीतर छताची गळती निघते आणि निधी तिकडे जातो.

प्रत्येक संस्थेला हेच लागू पडेल असं मी म्हणत नाही. तुमचं अनुदान वेळेवर येत असेल, किंवा पगारच किमान वेतनाच्या खाली असेल, तर आधी वाढ द्या. तिथे दुसरा विचार नको. पण तीन-चार महिन्यांची थकबाकी नेहमीचीच झाली असेल, तर मी आधी निधी धरेन. तो उभा राहिल्यापासून आमच्याकडे एकदाही पगाराची तारीख चुकलेली नाही. या एप्रिलपासून वाढीचा विषय पुन्हा घेतलाय, रात्रपाळीपासून सुरुवात करून.