‘दोर लावलात तर गाडी जप्त होईल’ : महामार्गावर कायद्याचा धाक दाखवून झालेली फसवणूक

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट उतरल्यावर, सुरूर फाट्याच्या अलीकडे आमच्या गाडीचे इंजिन बंद पडले आणि काही केल्या पुन्हा सुरू होईना. माझे साडू त्यांची जीप घेऊन मागून येत होते. त्यांच्याजवळ चांगला जाड दोर होता, गाडी ओढण्यासाठी बंपरमध्ये बसवायची कडी आमच्या डिकीत होती आणि फाट्यावर गॅरेज आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. इतका साधा प्रश्न ज्या रीतीने चिघळवला गेला, ती रीत या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असावी, यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही दोर बांधत असताना एक पिकअप येऊन थांबली आणि तिच्यातून दोघे उतरले. एकाच्या अंगावर खाकी रंगाचा शर्ट होता. त्यावर नावाची पट्टी नव्हती, हातात मात्र पावतीपुस्तक होते. “साहेब, तो दोर आधी सोडा. खासगी गाडीने गाडी ओढणे गुन्हा आहे. पुढे चेकिंग चालू आहे, दोन्ही गाड्या जप्त होतील आणि दहा हजारांचा दंड बसेल तो वेगळाच,” असे तो अगदी सरकारी सुरात म्हणाला. दुसऱ्याने आपल्याकडे गाड्या ओढून नेण्याचा परवाना असल्याचे सांगून गॅरेजपर्यंत सोडण्याचे साडेचार हजार रुपये मागितले. अंधार पडत आला होता, वयस्कर सासूबाई गाडीत बसून होत्या आणि अवजड ट्रक हातभर अंतरावरून जात होते. पैसे यूपीआयने दिले. ते जमा झाले ते खाते कोणत्याही संस्थेचे नव्हते, एका खासगी व्यक्तीच्या नावाचे होते.

त्यानंतर त्यांनी जे केले ते पाहून साडू आणि मी हादरलो. जो दोर लावणे आमच्यासाठी गुन्हा होता, तसाच दोर त्यांनी स्वतःच्या पिकअपला बांधला, आणि त्याचे दुसरे टोक ओढण्याच्या कडीला न अडकवता आमच्या गाडीच्या पुढच्या चाकाच्या लोअर आर्मला, म्हणजे चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला. आमच्या गाडीच्या स्टिअरिंगवर एक पोरगेला मदतनीस बसला. त्याच्याकडे लायसन्स आहे का, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. सुरूर फाट्यावरचे गॅरेज मागे टाकून, भुईंज ओलांडून, महामार्गापासून आत असलेल्या एका पत्र्याच्या शेडपाशी त्यांनी गाडी नेली. तिथे तपासणी आणि जागाभाडे म्हणून आणखी बारा हजारांची मागणी झाली, आणि पैसे हातात पडेपर्यंत गाडी बाहेर जाणार नाही असे बजावण्यात आले.

या साऱ्या प्रकाराचा पाया एका खोट्या विधानावर होता, म्हणून खरा नियम नीट समजून घेणे अगत्याचे आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 118 खाली केंद्र सरकारने वाहन चालवण्याचे नियम केले. ते प्रथम 1989 मध्ये लागू झाले आणि 2017 मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले. बिघडलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत नेण्याची मुभा या नियमांत आहे. ओढणारी गाडी खासगी असली म्हणून ती मुभा जात नाही. अटी मात्र आहेत, आणि त्या जिवाच्या रक्षणासाठीच असल्याने काटेकोरपणे पाळल्या पाहिजेत. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या चालकाच्या आसनावर त्या प्रकारचे वाहन चालवण्याचा परवाना असलेली व्यक्ती बसलेली हवी, नाहीतर तिची पुढची, म्हणजे वळणारी चाके क्रेनने किंवा तशा साधनाने रस्त्यापासून पक्की उचललेली हवीत. दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त असता कामा नये, दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी असावी, आणि मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या, किमान 75 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत ‘ऑन टो’ असे लिहिलेले असावे. 1989 च्या नियमांत वेगाची मर्यादा ताशी 24 किलोमीटर होती. इंजिन बंद असलेल्या गाडीला ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग यांची मदत मिळत नाही, हे लक्षात घेतले की ही मर्यादा इतकी कमी का, ते कळते. आम्हाला ओढणारी पिकअप याच्या दुपटीहून अधिक वेगाने चालली होती.

दंडाची भीतीही अशीच फुगवलेली होती. कलम 118 खालच्या विनियमांचा भंग झाल्यास 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 177-अ नुसार दंड 500 ते 1000 रुपये आहे. गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम 207 मध्ये आहे, पण तो चालकाचा परवाना, गाडीची नोंदणी, परमिट यांसारख्या गोष्टींच्या अभावासाठी आहे. दोर लावून गाडी ओढली एवढ्यावरून तो वापरता येत नाही. बेवारस सोडलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलण्याचा आदेश कलम 127 नुसार गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. नुसत्या खाकी शर्टाला गणवेश म्हणत नाहीत. पैशांसाठी शेडवर गाडी अडवून ठेवण्यालाही कायद्याचा आधार नव्हता. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 170 नुसार मजुरीचे पैसे मिळेपर्यंत वस्तू राखून ठेवण्याचा हक्क त्या वस्तूवर सांगितलेले, श्रमाचे किंवा कौशल्याचे काम केलेल्याला असतो. नुसती गाडी आवारात उभी करून घेतल्याने तो हक्क मिळत नाही, आणि आमच्या गाडीचे तर बॉनेटसुद्धा कोणी उघडले नव्हते.

शेडवर हुज्जत न घालता साडूंनी बाहेर येऊन 112 क्रमांकावर फोन केला आणि मी पिकअपच्या नंबरप्लेटचे, बांधलेल्या दोराचे आणि पावतीपुस्तकाचे फोटो काढून ठेवले. पोलीस आले, त्यांनी टोइंगचा परवाना मागितला आणि तो नाही हे उघड होताच गाडी आमच्या ताब्यात आली. आधी दिलेले साडेचार हजार परत मिळालेले नाहीत. लोअर आर्म वाकला, बंपर फुटला, आणि दुरुस्तीचा खर्च त्या रकमेच्या कितीतरी पुढे गेला. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक, 308 खाली खंडणी आणि 204 खाली लोकसेवक असल्याची बतावणी, या तिन्ही गोष्टींचा उल्लेख करून लेखी तक्रार दिली आहे. यूपीआयच्या व्यवहाराची नोंद तिला जोडली आहे.

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर आधी धोक्याचे दिवे लावून प्रवाशांना कठड्यापलीकडे उभे करावे आणि 1033 या महामार्ग मदत क्रमांकावर फोन करावा. विमा कंपनीची रस्त्यावरील मदत घेतलेली असल्यास तिचा क्रमांक इंटरनेटवर न शोधता पॉलिसीच्या कागदावरून घ्यावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची किंवा विजेवर चालणारी गाडी मात्र नियमात बसत असली तरी दोराने ओढू नये, कारण गाडीला गती देणारी चाके जमिनीवर फिरत राहिली तर आतल्या यंत्रणेचे मोठे नुकसान होऊ शकते. तिला फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रकच हवा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कोणत्याही गाडीला स्वतः दोर लावण्याच्या भरीस पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खंबाटकी ते भुईंज या टप्प्यात ज्यांना अशीच माणसे भेटली असतील, त्यांनी रक्कम लहान आहे म्हणून गप्प न बसता संबंधित पोलीस ठाण्यात लेखी तक्रार नोंदवावी, अशी कळकळीची विनंती आहे. एकाच पिकअपविरुद्ध अनेक तक्रारी झाल्या तर तपासाला खूपच बळ येईल.