टब की हौद? कोकणातल्या घरगुती कमळ-लिली नर्सरीसाठी

माघ संपत आला की कमळाचे कंद जागे व्हायला लागतात. ज्यांना यंदा परसात जलवनस्पतींची छोटी नर्सरी मांडायची आहे त्यांच्यापुढे तेव्हाच प्रश्न येतो: प्रत्येक झाड सुट्या टबात लावायचं, की एक हौद करून त्यात कुंड्या सोडायच्या? कोकणात दोन्ही प्रकारे उत्तम फुलं येतात. ऊन किती लागतं, ट्रॉपिकल (उष्ण प्रदेशातल्या) आणि हार्डी (थंडी सोसणाऱ्या) वॉटर लिलीत फरक काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहितो. दोन्ही पद्धती वापरल्यावर मी टबांकडे झुकलो आहे, पण हौदाच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे.

आधी हौदाचं चांगलं ते सांगतो. चैत्र-वैशाखात कातळावरच्या काळ्या टबातलं पाणी दुपारी दोन-तीनला हाताला चटका लागेल इतकं तापतं, हौदातलं कोमट राहतं. गप्पी मासे सुखात जगतात, डासांची काळजी मिटते. लिलीची पानं टबातल्यापेक्षा मोठी होतात. गिऱ्हाईक आलं की पंचवीस-तीस फुलं एकदम उघडलेला हौद बघून हरखतं आणि एकाऐवजी दोन झाडं नेतं. पाणी भरायचं तर पाइप एका ठिकाणी सोडला की काम झालं, फ्लोट व्हॉल्व्ह लावला तर तेही बघायला नको.

पाण्याच्या हिशेबात मात्र बऱ्याच जणांची गफलत होते. हौदाला पाणी कमी लागतं असं सरसकट म्हटलं जातं. बाष्पीभवन पृष्ठभागावर ठरतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसाला पाचसहा मिलिमीटर धरलं, तर १८ इंची टबातून रोज साधारण एक लिटर जातं. १० बाय २० फुटी हौदातून शंभर लिटरच्या आसपास. एवढ्या हौदात दोन-दोन फुटांवर कुंड्या ठेवल्या तर पन्नासच मावतात, म्हणजे झाडामागे दोन लिटर. भरगच्च पानांचं कमळ स्वतःही पाणी ओढतं, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण हौदाने पाणी वाचतं हे काही खरं नाही. वाचते ती मेहनत. खरा फरक साठ्यात आहे. दीड फूट खोलीच्या त्याच हौदात साडेआठ हजार लिटर पाणी बसतं. पन्नास टबांत चिखल वजा जाता बाराशे-तेराशे. फेब्रुवारीत विहीर भरलेली असताना हौद भरायला काही वाटत नाही. एप्रिलअखेर गळती निघाली आणि तो पुन्हा भरायची वेळ आली, तर टँकरच सांगावा लागतो.

हौद चिऱ्याचा बांधा की खड्ड्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरून करा, गळती दोन्ही प्रकारांत निघते. चिऱ्याचा हौद म्हणजे जांभा, आणि जांभा पाणी पितो. आतून गिलावा नीट झाला नाही तर रोज दोन बोटं पाणी उतरत राहतं. शिवाय नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून हौद भरून आठवडाभर ठेवायचा, ओतून द्यायचा, असं तीनदा केल्याशिवाय एकही झाड सोडू नये. घाई केली तर लिलीची कोवळी पानं पिवळी पडून कुजतात. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद स्वस्त आणि लवकर होणारा. पण खाली जांभ्याची खडी राहिली तर पाण्याच्या वजनाने ती कागदात रुतते. आधी चाळलेली माती दोन इंच पसरा, वर जुनी गोणपाटं अंथरा, मगच कागद टाका. तरीही घुशी आणि कुर्ल्या (खेकडे) आहेतच. शेताच्या बांधाजवळ हौद असेल तर कुर्ली बाहेरून बीळ करते आणि कागद खालून फाटतो. भोक कुठे आहे ते कळायला सगळा हौद उपसावा लागतो.

टबांचे त्रास वेगळे. पहिला उष्णता. उपाय सोपे आहेत, पण करावेच लागतात. टब एकमेकांना चिकटवून मांडा, म्हणजे ऊन फक्त बाहेरच्या रांगेच्या कडांना लागतं. त्या रांगेला पश्चिमेकडून झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) उभी करा किंवा टब तिसरा हिस्सा जमिनीत गाडा. पन्नास टक्क्यांची शेडनेट लावू नका, कमळ नुसतं पानांवर जातं. माडाची हलती सावली चालते, आंब्याची चालत नाही.

दुसरा त्रास रोज पाणी घालण्याचा. शंभर टबांना हातात पाइप धरून पाणी द्यायला सकाळचा चांगला वेळ जातो. १६ मिलिमीटरची ठिबकची नळी रांगेने फिरवून प्रत्येक टबात एक बारीक मायक्रोट्यूब सोडली की हे काम सुटतं. ट्यूबचं टोक पाण्यात बुडवू नका, काठाच्या वर टांगतं ठेवा. बुडालेलं राहिलं तर पंप बंद झाल्यावर वरच्या टबातलं पाणी उलटं नळीत ओढलं जातं आणि खालच्या टबात उतरतं, त्याबरोबर शेवाळही. काही टब आधी भरून वाहतील, वाहू द्या. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, रोजच्या भरण्याने टबात क्षार साठतात आणि लिलीच्या पानांच्या कडा तपकिरी करपतात. टब वाहिला की क्षार थोडे धुऊन जातात. हौदात हे करायचं तर हजारो लिटर पाणी बदलावं लागेल.

टबही चांगले घ्या. पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचे पातळ काळे टब दोन उन्हाळे काढतात, तिसऱ्यात काठाला तडकतात. निळे दोनशे लिटरचे ड्रम आडवे अर्धे कापले तर टिकाऊ होतात, पण आत पूर्वी काय भरलेलं होतं ते विचारूनच घ्या. कमळासाठी गोल टब, बूड अखंड. चौकोनी टबात कंदाचं टोक कोपऱ्यात अडकून मोडतं. आणि भरलेला टब उचलू नका. चिखल-पाण्यासकट तो दोन माणसांना जड जातो, मध्येच वाकतो आणि चिरतो. पाणी काढून मग हलवा.

माती दोन्हीकडे तीच: भाताच्या मळ्यातली चिकण माती. निव्वळ तांबडी माती पाणी गढूळ करते आणि अन्नही फार देत नाही. खाजणातला गाळ काळा आणि सुपीक दिसतो, पण खारा असतो, त्याला हात लावू नका. तळाला वर्षभर कुजलेलं शेणखत चौथ्या हिश्शापर्यंत, त्यात मूठभर बोनमील (हाडांचा चुरा), वर सहा इंच नुसती माती. ताजं शेण घातलं तर चिखलात वायू धरतो, बुडबुडे येतात आणि कंद काळा पडतो. हौदात आणखी एक भानगड होते. कोणत्याही एका कुंडीतलं खत पाण्यात सुटलं की सगळा हौद हिरवा होतो. टबात चूक झाली तर एका टबापुरती.

हेच बाकी कीड-तणांनाही लागू पडतं. नवीन झाडाबरोबर आलेलं डकवीड, म्हणजे पाण्यावर तरंगणारं इवलं तण, टबात असेल तर चहाच्या गाळणीने दोन दिवस काढलं की संपतं. हौदात ते आठवड्याभरात पाणी झाकतं, आणि कुंड्यांच्या खाचांत उरलेलं एक पानही पुरतं. गोगलगायींच्या अंड्यांचे चिकट गोळे पानाखाली असतात. कोणतंही नवं झाड आधी लाल औषधाच्या (पोटॅशियम परमँगनेट) फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, पानं उलटी करून बघूनच आत घ्या. मावा दोन्हीकडे येतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो खाली पाडा, मासे खातात. कीटकनाशक मारलं तर मासे जातात. लिलीची पानं लंबगोल कापून त्याच तुकड्यांत लपणारी अळी हाताने वेचावी लागते, आणि ती शंभर टबांपेक्षा एका हौदात लवकर सापडते, हे हौदाच्या बाजूने नोंदवायला हवं. माकडांच्या बाबतीत दोन्ही सारखेच. कळ्या तोडायच्या त्या तोडतातच, जाळीशिवाय उपाय नाही.

इथपर्यंत पारडी जवळजवळ सारखी आहेत. माझा निर्णय मात्र एकाच कटकटीने झाला: हौदात जाती मिसळतात.

कमळाचं धावतं खोड, ज्याला आपण रनर म्हणतो, मार्चमध्ये कुंडीच्या आत काठाला लागून गोल फिरू लागतं. पांढरं, करंगळीहून बारीक, पुढे टोकदार कोंब. एक फेरा पुरा झाला आणि जागा संपली की कोंब वर वळतो. कुंडीचा काठ पाण्याखाली असेल तर तो सहज काठावरून बाहेर येतो, हौदाच्या तळाशी साठलेल्या गाळात उतरतो आणि दोन-तीन फुटांवरच्या दुसऱ्या कुंडीत शिरतो. वरून काहीच कळत नाही. कमळाच्या बऱ्याच जातींची पानं सारखीच दिसतात. जानेवारीत कुंडी उलटी केली की एकात दोन जातींचे कंद गुंतलेले असतात, आणि कोणता कुणाचा हे फूल येईपर्यंत सांगता येत नाही. तेव्हा तो कंद गिऱ्हाइकाच्या दारात असतो. गुलाबी म्हणून नेलेलं कमळ जूनमध्ये पांढरं फुलतं. पैसे परत करता येतात, पण नर्सरीच्या शब्दाला किंमत राहत नाही. घरगुती नर्सरीत विकण्यासारखं मुख्य तेच असतं, नाहीतर कंद कुठेही मिळतो.

टबात हे होतच नाही, कारण पाणी काठाच्या आत असतं आणि काठापलीकडे हवा असते. कोंब पुन्हा आतच वळतो. वर्षाअखेर टब उपडा केला की कंदांचं वेटोळं एकसंध निघतं, टोकं शाबूत, जात एकच.

लिली रनर टाकत नाही म्हणून ती हौदात निर्धोक आहे असं वाटतं, पण काही ट्रॉपिकल लिलींच्या पानाच्या मध्यावर, देठ जिथे जोडलेला असतो तिथे, एक गाठ येते. तिला इवली पानं आणि केसासारखी मुळं फुटतात. जुनं पान कुजलं की ते पिल्लू सुटतं, तरंगत जातं आणि भलत्याच कुंडीत रुजतं. शिवाय बी धरणाऱ्या जाती आहेतच, पाण्यात बुडालेलं फूल वेळेवर कापलं नाही तर रोपं कुठेही उगवतात. हार्डी लिलीचा कंद आडवा सरकतो, पण हळू. लावताना त्याचं कापलेलं टोक काठाला टेकवलं आणि वाढणारं टोक मध्याकडे केलं, तर वर्षभर तो कुंडीबाहेर जात नाही.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. कुंडीचा काठ पाण्याच्या चार बोटं वर ठेवता येतो, पण मग रोज पातळी सांभाळणं आलं आणि कुंडीत पाणी वेगळं घालणं आलं, म्हणजे हौदाचा फायदा काय उरला? हौदात एकाच जातीचं कमळ ठेवता येतं. तेही बरोबर आहे, पण मग ती विक्रीची नर्सरी न राहता शोभेचं तळं होतं.

म्हणून, तुमच्याकडे पाच-सात तरी कमळाच्या जाती असतील आणि नावाने विकायच्या असतील, तर टब घ्या असं सुचवेन. फक्त हार्डी लिली, एक-दोन ट्रॉपिकल, आणि घरात पाणी घालायला माणूस नाही, तर हौद सोयीचा पडेल. गणपतीत नुसती फुलं विकायची असतील तर हौदच बरा, तिथे जातीचं नाव कोणी विचारत नाही. जागा असेल तर मोठा हौद करण्यापेक्षा पाचसहा फुटी छोटं टाकं पाणीसाठ्याला ठेवा. त्यात गप्पी वाढवा, आणि तिथूनच प्रत्येक टबात चार-पाच सोडा.

यंदाच सुरू करायचं असेल तर कंद काढणं-विभागणं फेब्रुवारीअखेर उरकून घ्या. रनर धावू लागल्यावर हलवलेलं कमळ महिनाभर मागे पडतं. प्रत्येक तुकड्याला शाबूत टोक आणि निदान दोन पेरं हवीत. कंद चिखलात तिरपा दाबून टोक वर ठेवा, पाणी आधी तीन-चार बोटंच. तरंगती पानं येऊन गेल्यावर उभी पानं येतात, तिसरं-चौथं उभं पान आलं की चिमूटभर डीएपी कागदात बांधून कोंबापासून लांब, काठाजवळ चिखलात खोल दाबा. त्याआधी खत दिलं तर कोवळी मुळं जळतात. मिरगाच्या आधी प्रत्येक टबाला काठापासून दीड इंच खाली ८ मिलिमीटरचं भोक पाडा आणि आतून बारीक जाळी लावा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात मासे अंगणात येतील.

जातीचं नाव मार्करने लिहू नका, मे महिन्यापर्यंत उन्हाने उडतं. टबाच्या बाहेरच्या अंगाला ऑइलपेंटने नंबर घाला, आणि नंबर-नाव-लागवडीची तारीख वहीत. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहिलेलंही वर्षभर टिकतं. ती पट्टी चिखलात खोचा आणि विकताना कंदाबरोबरच बांधून द्या.