गर्जना करत चालणारा डायनासोर: उन्हाळ्यात घेतला, आता थंडी लागली

'पेपा पिग' या कार्टून मालिकेत पेपाच्या धाकट्या भावाच्या, जॉर्जच्या लाडक्या हिरव्या डायनासोरची शेपटी तुटते आणि त्याला नवाकोरा डिनो-रोर मिळतो, तो भाग लहान मुलं असलेल्या घरांत पाठच असतो. चालणारा, गर्जना करणारा डिनो-रोर आमच्या धाकट्यालाही हवा होता. नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानातून त्याच जातीचा, सेलवर चालणारा साधा टी-रेक्स आणला. मालिकेचं नाव त्यावर नाही.

पहिले काही आठवडे घरात दुसरा आवाज नव्हता. स्पीकर पोटाखाली आहे आणि मुलं खेळणं उचलून थेट कानाशी धरतात, हे मला अजिबात आवडलं नाही. स्पीकरच्या भोकांवर जाड चिकटपट्टीचे दोन थर लावले. गर्जना घोगरी झाली, पण सुसह्य झाली, आणि धाकट्याची काहीच तक्रार नाही.

चालतो मात्र फक्त गुळगुळीत फरशीवर. सतरंजीवर जागच्या जागी थरथरतो. त्याच्या पावलांखाली बारीक चाकं आहेत, त्यांच्या दांडीला घरातले लांब केस आणि दोरे गुंडाळले जातात. एकदा तो कण्हल्यासारखा आवाज करून थांबला, तेव्हा उलटा करून पाहिलं तर केसांचा घट्ट काळा वेढा बसला होता. चिमट्याने ओढून काढला, लगेच पळायला लागला.

मालिकेतला डिनो-रोर शेवटी सेल संपून बंद पडतो. हे अगदी खरं आहे. याला तीन पेन्सिल सेल लागतात आणि ते भराभर उतरतात. आम्ही चार्ज होणारे सेल घातले. साधा सेल 1.5 व्होल्टचा, हा 1.2 चा, त्यामुळे चाल थोडी मंदावते, पण खर्च आटोक्यात येतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, उतरलेला सेल पाझरतो. अल्कलाइन सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरं साचलं, तर सेल काढून कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा, नीट वाळू द्या. हातमोजे घाला.

हे सगळं चालून जातं. सेलच्या झाकणाच्या बाबतीत मात्र मी कुणाचंही ऐकणार नाही. ते स्क्रूनेच बंद होणारं हवं. बटण सेलवर, म्हणजे छोट्या चपट्या गोल सेलवर, चालणाऱ्या खेळण्यांबाबत तर दुप्पट सावध राहा. तो सेल गिळला गेला तर दोन तासांतच अन्ननलिका आतून भाजू शकते. असा नुसता संशय आला तरी थेट दवाखाना गाठायचा. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, सेलवरच्या खेळण्यांचं मानक आयएस 15644. खोक्यावर ते शोधा.

आता तो बहुतेक वेळ बंदच असतो आणि मला वाटतं, खरा खेळ तेव्हाच सुरू झाला. वाळूच्या ढिगात पुरायचा, ब्रशने उकरायचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला खरे डायनासोर होते, लांब मानेचे, हे ऐकून धाकटा हरखून गेला. त्यांची दगड झालेली शीही तिथे सापडते आणि तिच्यात गवताचे अंश मिळाले, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

घ्यायचाच असेल तर दुकानात आधी उलटा करून झाकण बघा, मग चाकं, मग आवाज. आवाज वेगळा बंद करायचं बटण मिळालं तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या. आमच्याकडच्याला ते नाही.