बहिणाला यमक मिळेना

आमच्या पुतणीचं नाव बहिणा. तिच्या वर्गात आर्या तीन, अन्वी दोन, बहिणा एकच. आईचं माहेर आसोदं, म्हणजे बहिणाबाईंचं गाव, त्यामुळे हे नाव घरात कुणालाच नवं वाटलं नाही. माझ्या पदवीच्या कागदावर नुसतं 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' छापलंय. विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव लागलं २०१८ साली, पुतणीला त्यानंतर दोन वर्षांनी.

नोव्हेंबरात शाळेच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. स्नेहसंमेलनात प्रत्येक मुलाने आपली ओळख इंग्रजीत दोन ओळींत करून द्यायची, पहिली ओळ नावावर संपवायची आणि दुसरी त्याला जुळवायची. वहिनी फोन घेऊन थेट माझ्यासमोर.

"भाऊजी, तुम्ही बी.ए. इंग्लिश ना?"

आहे. केळी लावतो, ते वेगळं.

मराठीत म्हणाल तर दक्षिणा आहे, प्रदक्षिणा आहे, पाच मिनिटांचं काम. इंग्रजीत माझी गाडी 'टीना'वर अडली. टीना तिच्याच वर्गात आहे आणि दोघींचं पटत नाही. त्या आठवड्यात शेतीला रात्रीची लाईट होती. नव्या लागवडीला पाणी सोडून दोन-दोन तासांनी व्हॉल्व फिरवायचा, मधल्या वेळात खाटेवर बसून राहायचं. तिथे बसल्या बसल्या यमक शोधून देणारी तीन फुकट ॲप उतरवली. एक ठेवलं, दोन काढून टाकली. नाव लिहीत नाही, कारण तिघांचं पोट एकच निघालं. तिन्हींच्या माहितीच्या पानावर लिहिलं होतं की आतला शब्दसाठा अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या उच्चारकोशाचा आहे. तो कोश फुकट मिळतो, त्यात १,३४,००० पेक्षा जास्त शब्द आहेत, आणि अर्थ एकाचाही नाही. फक्त उच्चार, तोही अमेरिकन. प्रत्येक शब्द ३९ ध्वनींत फोडलेला आणि प्रत्येक स्वराला एक आकडा: जोर नसेल तर ०, मुख्य जोर असेल तर १, दुय्यम असेल तर २.

तो १ चा आकडा कळला आणि सगळा खेळ उलगडला. आपण मराठीत शेवटची अक्षरं जुळली की यमक झालं म्हणतो. इंग्रजीत जिथे मुख्य जोर पडतो त्या स्वरापासून शेवटपर्यंत सगळं जुळावं लागतं, आणि त्या स्वराआधीचं व्यंजन वेगळं असावं लागतं. कॉलेजात हे मला कुणी शिकवलं असेल तर तो तास मी बुडवला होता.

आता गाऱ्हाणं. मी 'बहिणा' टाकलं. उत्तर: शब्द सापडला नाही, तुम्हाला 'बहामा' म्हणायचंय का? नाही, बाबा. स्पेलिंग चार तऱ्हांनी बदलून पाहिलं, एच गाळला, शेवटी दोन ए लावले. तेच. कोशात अमेरिकन माणसांची नावं-आडनावं ढिगाने आहेत, आपली मोजकी. बरं, नाव सापडलं नाही तर उच्चार सांगायची सोय असावी ना? नाही. लिहाल तेवढंच त्याला कळतं. वर प्रत्येक शोधानंतर जाहिरात, आणि तीही कसली, तर रमीची. रात्री दोन वाजता केळीच्या बागेत रमीचा आवाज घुमला की कसं वाटतं ते विचारू नका. आवाज आधी बंद करून ठेवा.

तरी इंग्रजीला नाव ठेवताना जपून. 'मंथ' या साध्या शब्दाला तिथे पूर्ण यमक नाही. 'ऑरेंज'ला म्हणाल तर वेल्समधल्या ब्लोरेंज नावाच्या डोंगरासारखं एखादंच काही जुळतं. घरच्या शब्दांची ही गत, तर आसोद्याच्या नावाचं काय घेऊन बसलात?

मग जुगाड केला. हे ज्यांच्या पोरांची नावं वेगळी आहेत त्यांच्या उपयोगाचं आहे. नाव टाकायचंच नाही. नावासारखा वाजणारा, कोशात असणारच असा शब्द टाकायचा आणि त्याची यादी आपली समजायची. मी 'अरीना' टाकलं. धो धो यादी आली. मरीना, बॅलेरिना, कॉन्सर्टिना, अर्जेंटिना, सेमोलीना म्हणजे आपला रवा, हायीना म्हणजे तरस. आणि एक 'सपीना', म्हणजे कोर्टाचं समन्स. त्याच्या स्पेलिंगमध्ये मध्येच एक बी आहे, तो उच्चारायचा नाही. ॲप कान लावून शोधतं, डोळे लावून नाही, हे त्या बी वरून कळलं. त्याबद्दल त्याला पूर्ण मार्क. शब्द अवयवांप्रमाणे, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यांप्रमाणे, लावलेले असतात, आधी दोन तुकड्यांचे, मग तीन, मग चार, त्यामुळे ओळ मोजायला सोपं जातं. आणि शेतात रेंज नसली तरी चालतं, हे आमच्यासाठी मोठंच.

पण मनात खुटखुट होतीच. 'अरीना'त न आहे, आमच्या पोरीच्या नावात ण. तिथली 'री' लांब आहे, आमची 'हि' आखूड. सकाळी घरी आलो, ओट्यावर बसून मोठ्याने जुळवत होतो, तर आई चुलीपासून म्हणाली, "काय करी राह्यला रे, सकाळी सकाळी? बहिना म्हन ना, बहिना!"

ऐका. आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी ण नाहीच. पाणी नाही, पानी. कोणी नाही, कोनी. आई पोरीला पहिल्या दिवसापासून बहिनाच म्हणते, हाक मारताना 'ही' चांगली लांबवते आणि जोरही तिथेच देते. म्हणजे अमेरिकन कोशाला जे हवं होतं ते आमच्या ओट्यावर पाच वर्षं चालूच होतं. शुद्ध बोलणारा एकटा मी, आणि अडलेलाही मीच.

वहिनीला तरी शंका. नाव वाकवल्यासारखं होत नाही का? मी इंग्रज कवी बायरनचा दाखला दिला. १८१९ साली त्याने डॉन जुआनवर लांबलचक काव्य छापायला घेतलं. स्पॅनिश माणूस त्या नावाला ह्वान म्हणतो. बायरनने 'न्यू वन' आणि 'ट्रू वन'शी जुळवायला त्याचं सरळ जूअन करून टाकलं. लॉर्ड असून त्याने असं केलं, आपण तर फक्त आजीचं ऐकतोय. वहिनी म्हणाली, "बायरन राहू द्या, ओळी द्या."

मी दिल्या: माय नेम इज बहिना, आय डान्स लाईक अ बॅलेरिना. मला आवडल्या. बहिणाला बॅलेरिना म्हणजे काय ते माहीत नव्हतं. कोशात नसले तरी ॲपमध्ये अर्थ आहेत, पण इंग्रजीतच, चित्र नाही, आणि मी नाचून दाखवावं अशी वेळ नव्हती. तिने यादीतलं प्रत्येक काय-काय म्हणून विचारलं. रव्यावर नाक मुरडलं. तरसावर थांबली. सातपुड्यातलं तरस तिने आजीच्या गोष्टींत ऐकलेलं, हसल्यासारखं ओरडतं ते. "मी तरस," म्हणाली, आणि हसून दाखवलं. त्यानंतर ते हसणं घरात चार दिवस थांबलं नाही.

एक गोष्ट आई-बापांनी लक्षात ठेवावी. फोन पोरांच्या हाती देऊ नका. यादीत घरात मोठ्याने वाचता येणार नाहीत असे शब्दही मधूनच येतात. गाळणी सेटिंगमध्ये खोल कुठेतरी आहे आणि सुरुवातीला बंद असते. मी आधी चाळून शब्द वहीत उतरवले आणि वही दिली.

कार्यक्रमात तिच्या आधी विहान, मग टीना, मग ही. माईक हातात धरून म्हणाली, माय नेम इज बहिना, आय लाफ लाईक अ हायीना, आणि हसली. पुढच्या रांगेतले पाहुणे दचकले. आई माझ्या शेजारी बसली होती, तिला दुसरी ओळ कळली नाही, पण पहिलीत नाव बरोबर घेतलं म्हणून खूश.

ॲपला पाचातले साडेतीन. अर्धा रमीमुळे गेला, एक 'बहामा'मुळे. पैसे भरून जाहिराती घालवता येतात, मी भरले नाहीत, एवढ्या एका कामासाठी कोण भरणार? काढूनही टाकलेलं नाही, कारण काल गल्लीतल्या क्षितिजची आई वही-पेन घेऊन येऊन गेली. ते मात्र उघडावं लागलं नाही. फ्रिज आणि ब्रिज उभ्या उभ्याच सांगितले.