क्लच स्विच: बायपास की नवा?

क्लच पूर्ण दाबूनही स्टार्टर फिरत नाही? क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारा क्लच स्विच वायर जोडून टाळायचा (म्हणजे बायपास) की बदलायचा, हे ठरवण्याआधी वाकून पेडलच्या वर बघा. स्विचची दांडी दाबणारं रबरी बटण बऱ्याचदा तुटून खाली पडलेलं असतं. मग ते बटण बदला, दोन्हींची गरजच नाही.

खर्चात बायपास स्वस्त, वायरचा तुकडा पुरतो. मेहनत सारखीच, डॅशबोर्डखाली आडवं व्हायचंच. खरा फरक सुरक्षेचा. बायपास केलेली गाडी गिअरमध्ये असताना क्लच न दाबता चावी फिरवली की सरळ उडी मारते, समोर भिंत असो वा माणूस. शिवाय काही गाड्यांत क्रूझ कंट्रोलचा (वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या यंत्रणेचा) स्विच शेजारीच असतो. चुकून तोच जोडलात तर नवीन दुखणं.

अडकलेली गाडी न्यूट्रल तपासून गॅरेजपर्यंत न्यायला बायपास चालेल. रोजच्या, त्यातही अनेक हातांत जाणाऱ्या गाडीला नवा स्विचच.