फंडाच्या पेन्शनवर म्हातारपण निभेल का? कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ : एक परीक्षण

खासगी नोकरीतल्या कामगाराच्या पगारातून कापले जाणारे १२ टक्के पूर्णपणे भविष्यनिर्वाह निधीत जातात. पेन्शनसाठीचा पैसा मालकाच्या १२ टक्क्यांमधून वळवला जातो, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे आणि उरलेले ३.६७ टक्के फंडाकडे जातात. स्वतःच्या खिशातून थेट काही जात नसल्यामुळे तीस वर्षे नोकरी केलेल्या माणसालाही आपल्या नावावर पेन्शनसाठी किती भरणा झाला आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार, याचा अंदाज बहुतेक वेळा अठ्ठावन्नाव्या वर्षी फॉर्म १०-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरतानाच येतो. एका कारखान्याच्या लेखा विभागात असताना असे पुष्कळ फॉर्म मी भरून दिले आहेत. कागदावर आकडा मांडून दाखवला की समोरचा कामगार क्षणभर तो न्याहाळायचा आणि विचारायचा, "साहेब, एखादं शून्य राहिलं का?"

शून्य राहिलेले नसे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली आणि १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेच्या जागी आलेली ही योजना साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी महामंडळ, सहकारी बँका आणि एमआयडीसीतले कारखाने अशा सगळ्यांच्या कामगारांसाठी निवृत्तीनंतरच्या नियमित उत्पन्नाचा बहुधा एकमेव आधार आहे. म्हणून तिचे परीक्षण सरकारी कल्याणाचा नमुना म्हणून न करता, आयुष्यभर पैसे मोजून घेतलेली वस्तू म्हणून करावे, असे मला वाटते. माझे मत आधीच सांगतो : कुटुंबाचा विमा म्हणून ही योजना चांगली आहे, परंतु म्हातारपणाचे उत्पन्न म्हणून ती अपुरी आहे, आणि या अपुरेपणाचे मुख्य कारण रक्कम लहान असणे हे नसून ती एकदा ठरली की जागची हलत नाही, हे आहे.

हिशेबाचे सूत्र साधे आहे. पेन्शनपात्र पगाराला पेन्शनपात्र सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांच्या मूळ पगार व महागाई भत्त्याची सरासरी. २०१४ पूर्वी ही सरासरी शेवटच्या १२ महिन्यांचीच घेत असत, त्यामुळे निवृत्तीच्या तोंडावर झालेल्या पगारवाढीचा लाभ अधिक मिळत असे. वीस वर्षे सेवा झालेल्या माणसाला दोन वर्षांची सेवा बक्षीस म्हणून जोडली जाते. खरी मेख पगाराच्या कमाल मर्यादेत आहे. १९९५ मध्ये ती ५,००० रुपये होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. प्रत्यक्ष पगार ३०,००० असला तरी सर्वसाधारण सदस्याच्या पेन्शनचा भरणा १५,००० वरच होतो, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. त्यावर केंद्र सरकार पगाराच्या १.१६ टक्के, म्हणजे आणखी १७४ रुपये घालते.

आता एक प्रातिनिधिक हिशेब पाहू. सप्टेंबर १९९६ मध्ये कामाला लागलेला आणि अखंड तीस वर्षांची सेवा करून सप्टेंबर २०२६ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण करणारा कामगार घ्या, आणि त्याचा पगार कायम मर्यादेला टेकलेला किंवा तिच्या वर होता असे धरा. त्याच्या सेवेचे दोन तुकडे पडतात. २०१४ पर्यंतच्या अठरा वर्षांना ६,५०० ची मर्यादा लागते आणि त्यांचे १,६७१ रुपये होतात. नंतरच्या बारा वर्षांना १५,००० ची मर्यादा लागते आणि त्यांचे २,५७१ रुपये होतात. बेरीज ४,२४२ रुपये. बक्षिसाची दोन वर्षे मिळवली तरी महिन्याची पेन्शन साडेचार हजारांच्या आसपासच राहते. हा मर्यादेपर्यंत पगार असलेल्या, एकही खंड न पडलेल्या माणसाचा आकडा आहे; ज्याचा मूळ पगार आठ-नऊ हजारांवर अडकवून उरलेली रक्कम निरनिराळ्या भत्त्यांत दाखवली गेली, त्याला याहूनही कमी मिळते.

साडेचार हजारांत तालुक्याच्या गावी घर स्वतःचे असलेल्या जोडप्याचा किराणा, गॅस आणि विजेचे बिल कसेबसे भागेल, आणि रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांपाशी हिशेब तुटेल. तरीही पहिल्या वर्षाची ही स्थिती त्यातल्या त्यात बरी म्हणावी लागेल, कारण या पेन्शनला महागाई भत्ता नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी ठरलेला आकडा ऐंशीव्या वर्षीही तोच असतो. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. म्हणजे आजचे साडेचार हजार सत्तराव्या वर्षी सव्वादोन हजारांच्या तोलाचे राहतात, आणि औषधांचा खर्च नेमका त्याच वयात वाढलेला असतो. १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांच्या सेवेलाही दरमहा किमान १०,००० रुपयांची हमी आहे आणि त्यावर महागाईनुसार वाढही आहे. दोन्हीकडच्या अंशदानांत मोठा फरक आहे, त्यामुळे रकमेची थेट तुलना मी करणार नाही; परंतु महागाईचे तत्त्व एका कर्मचाऱ्याला मान्य करायचे आणि दुसऱ्याला नाकारायचे, याचे समर्थन मला आजवर कुठे सापडलेले नाही.

किमान पेन्शनची कथा याहून बोचरी आहे. सप्टेंबर २०१४ पासून या योजनेची किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये आहे आणि त्यासाठी कमी पडणारी रक्कम सरकार भरते. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले, पण शिफारस कागदावरच राहिली. आज महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतल्या निराधार वृद्धाला दरमहा १,५०० रुपये मिळतात, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्याच्या नावावर वर्षानुवर्षे भरणा झाला त्याची किमान पेन्शन, एक पैसाही न भरता मिळणाऱ्या साहाय्याहून कमी असावी, ही विसंगती योजना आखणाऱ्यांना कशी खपते, हे कळत नाही. दरमहा ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता या मागणीसाठी पेन्शनरांनी बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरात साखळी उपोषण सुरू केले, त्यामागे हीच चीड आहे.

या ७,५०० च्या आकड्याचे एक गणित आहे. १५,००० रुपये पगारावर तेहतीस वर्षे सेवा आणि दोन वर्षे बक्षिसाची, अशी पस्तीस वर्षे धरली तर सूत्राने बरोबर ७,५०० रुपये येतात. साध्या सदस्याला सध्याच्या मर्यादेत यापेक्षा फारसे अधिक मिळू शकत नाही. २०१४ मध्ये वयाच्या पंचविशीत नोकरीला लागलेल्या मुलाला हा आकडा २०४७ मध्ये दिसेल. दरमहा १,२५० रुपये तेहतीस वर्षे ८ टक्के व्याजाने साठवले असते तर सुमारे २४ लाख रुपये जमले असते, आणि त्याच दराने त्याचे नुसते व्याज महिन्याला सोळा हजारांच्या घरात गेले असते, मुद्दल शाबूत ठेवून. हे गणित मांडून 'योजना म्हणजे फसवणूक' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मी तिथवर जात नाही, आणि त्याचे कारण या योजनेच्या दुसऱ्या अंगात आहे.

ते अंग म्हणजे कुटुंबाचे संरक्षण. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, पण सेवेत असताना मृत्यू आला तर एका महिन्याचा भरणाही पुरेसा असतो. विधवेला किंवा विधुराला हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत पेन्शन मिळते, आणि शिवाय एका वेळी दोन मुलांना त्या पेन्शनच्या प्रत्येकी २५ टक्के रक्कम वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मिळते. दोन्ही पालक गेले तर हे प्रमाण ७५ टक्के होते. कायमचे अपंगत्व आलेल्या मुलाला वयाची अट नाही. कामावर असताना सदस्यालाच कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर त्याच्याही बाबतीत दहा वर्षांची अट गळून पडते. यंत्रावर काम करणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला एवढे संरक्षण देणारा खासगी विमा या पैशांत कोणी देईल असे मला वाटत नाही. २४ लाखांचा हिशेब मांडणारे हा हप्ता वजा करायला विसरतात. शिवाय, फंडातली रक्कम मुलीच्या लग्नाला, घराच्या स्लॅबला, आईच्या ऑपरेशनला काढली जाते आणि निवृत्तीच्या दिवशी खात्यात फारसे उरत नाही, हे आपल्या घराघरांतले वास्तव आहे. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर पेन्शनच्या पैशाला मात्र असा हात लावता येत नाही.

दहा वर्षे होण्याआधी तो लावता येतो, आणि नुकसान तिथेच होते. ठेकेदार बदलला, कंपनी बंद पडली, की फॉर्म १०-सी भरून पेन्शनची जमा रक्कम काढून घेण्याचा सल्ला गेटवरच मिळतो. हातात काही हजार पडतात आणि सेवेची तितकी वर्षे पुसली जातात. त्याऐवजी झालेल्या सेवेची नोंद ठेवणारे योजना प्रमाणपत्र घ्यावे किंवा जुने खाते त्याच युएएनवर, म्हणजे फंडाच्या कायम खाते क्रमांकावर, नव्या नोकरीत वर्ग करावे. तुकड्या-तुकड्यांची सेवा जोडली जाते, आणि सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्यामुळे साडेनऊ वर्षांचा माणूसही पेन्शनला पात्र ठरतो. आधारवरचे नाव, जन्मतारीख आणि फंडाच्या नोंदी जुळवून घेण्याचे काम निवृत्तीच्या वर्षावर न ढकलता चाळिशीतच उरकावे.

प्रत्यक्ष पगारावर वाढीव पेन्शन हा विषय गाजला खूप, पण सामान्य कामगाराच्या उपयोगाचा तो थोडाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात संयुक्त विकल्पासाठी, म्हणजे प्रत्यक्ष पगारावर भरणा करण्याच्या कामगार व मालक यांच्या एकत्रित अर्जासाठी, पुन्हा संधी दिली, मुदती वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेल्या, आणि विकल्प न देताच १ सप्टेंबर २०१४ पूर्वी निवृत्त झालेले बाहेरच राहिले. त्या तारखेनंतर प्रथमच सदस्य होणाऱ्याचा पगार १५,००० हून अधिक असेल तर तो या पेन्शन योजनेत येतच नाही. मालकाचाही पूर्ण वाटा फंडात जातो.

पेन्शनरांना मिळणाऱ्या सेवेच्या बाबतीत मात्र अलीकडे खरी सुधारणा झाली आहे. जानेवारी २०२५ पासून केंद्रीकृत वितरण व्यवस्था सर्वत्र लागू झाली आणि ६८ लाखांहून अधिक पेन्शनरांना देशातल्या कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून पेन्शन घेता येऊ लागली; मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्या कोल्हापूरच्या आजोबांना आता कागद हलवावे लागत नाहीत. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, तो वर्षात केव्हाही दिला तरी चालतो आणि त्या दिवसापासून वर्षभर ग्राह्य राहतो.

मग निवांत म्हातारपण कष्टकऱ्याला परवडते का? केवळ या पेन्शनवर नाही. तिच्या जोडीला फंड आणि ग्रॅच्युइटी यांतले किमान दहा लाख अस्पर्श राहिले आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्के दराने तिमाहीला २०,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सहा हजार आठशेच्या वर येतात, आणि साडेचार हजार मिळवून साधारण अकरा हजारांवर घर चालू शकते. या योजनेत ठेवीची मर्यादा २०२३ पासून ३० लाख आहे, परंतु कामगाराची अडचण मर्यादा ही नसून दहा लाख शिल्लक राखणे ही आहे. आजारपणासाठी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते : निवृत्तीच्या वेळी ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमाधारक असलेला आणि किमान पाच वर्षे विमाधारक राहिलेला कामगार वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयची वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवू शकतो.

शेवटचा प्रश्न पेन्शन केव्हा सुरू करावी हा. ती पन्नाशीपासून घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षे कमी तितके दरवर्षी ४ टक्के कापले जातात. उलट साठपर्यंत थांबल्यास वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. वाढीचे आमिष मोठे दिसते, परंतु साडेचार हजारांची पेन्शन दोन वर्षे थांबवली तर १ लाख ८ हजार रुपये सोडावे लागतात आणि वाढ मिळते महिन्याला सुमारे ३६७ रुपयांची. सोडलेली रक्कम भरून निघायला साडेचोवीस वर्षे लागतात, म्हणजे वयाचे पंचाऐंशीवे वर्ष उजाडते. साठपर्यंत नोकरी चालू असेल आणि भरणाही चालू ठेवता येत असेल तर सेवा व पगार दोन्ही वाढून हिशेब बदलतो. तसे नसेल तर अठ्ठावन्न पूर्ण होताच फॉर्म १०-डी भरून टाकावा.